आणखी कोण होतं?

अण्णा, त्या दिवशी वळसंगच्या पारावर तुम्ही तिसरा प्रश्न विचारलाच नाही.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. आपल्या अंधश्रद्धाविरोधी मंडळाने स्मरणिका काढायची ठरवली आहे आणि आता मंडळ सांभाळणाऱ्या सरांनी माझ्याकडे लेख मागितला आहे. शीर्षकही त्यांनीच सुचवलं, 'अण्णा : एक दीपस्तंभ'. तुम्ही असता तर तो शब्द लाल पेन्सिलीने खोडला असता आणि म्हणाला असता, "सोलापुरात समुद्र कुठाय गं, आगपेटे?" मीही तो खोडला. पण हसले नाही. ज्याच्या भरवशावर आपण वाट काढली तोच दिवा खोटं बोलत होता असं कळल्यावर त्याला काय म्हणतात, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तुम्हीच सगळं शिकवलंत, तेवढं राहिलं.

मी तुमच्या पत्रकांवर वाढले, हे अक्षरशः खरं आहे. बाबा तुमच्या छापखान्यात मशीन चालवायचे. साखर पेठेतल्या त्या गल्लीत बाहेर यंत्रमागांची खटखट आणि आत तुमच्या मशीनची, यात मी जमिनीवर पालथी पडून अक्षरं गिरवायचे. माझ्या पहिलीच्या वह्या म्हणजे बिघडलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठी. एका बाजूला माझं वाकडंतिकडं 'कमळ' आणि दुसऱ्या बाजूला 'बंधूंनो आणि भगिनींनो, भानामतीला घाबरू नका'. शाळेत बाईंनी धडा वाचायला उभं केलं की मी चौकात ओरडल्यासारखी वाचायचे. बाईंनी तक्रार केली तेव्हा बाबा ओशाळले, तुम्ही मात्र खूश. "आगपेटी आहे पोरगी," म्हणालात. तेव्हापासून मी आगपेटीच.

आणि तुम्ही मला पद्धत शिकवलीत. कुठे दगडाला पाझर फुटला, कुठे घरातले कपडे आपोआप पेटले, की आपण जायचं. आधी भाषण करायचं नाही. पारावर, सगळ्या गावासमोर, ज्याने पाहिलं त्याला उभं करायचं आणि तीनच प्रश्न विचारायचे. काय पाहिलं? कुठून पाहिलं? आणखी कोण होतं? मधे कुणी बोलायचं नाही, हसायचं नाही. तुम्ही म्हणायचा, पहिल्या दोन प्रश्नांना माणूस हवं ते सांगू शकतो, खरंखोटं कळतं ते तिसऱ्याला.

वळसंगला आपण गेलो तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. कर्णा माझ्या खांद्यावर होता. महादेवी नावाच्या बाईने शिवारात आभाळातून काहीतरी उतरलेलं पाहिलं होतं, आणि तिच्या दिराने त्याच बांधावर एक दगड मांडून शेंदूर फासला होता. देवीचा रथ उतरला म्हणे. नारळ फुटत होते, बायका ओट्या घेऊन येत होत्या, दीर पाट मांडून बसला होता. ते थांबवायला आपण गेलो आणि थांबवलं. त्यात चुकीचं काही नव्हतं, हे मी आजही म्हणेन.

महादेवी उभी राहिली. काळीसावळी, उंच बाई, डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं ते पदराने टिपत होती. तुम्ही विचारलंत, काय पाहिलं? तिने सांगितलं. कुठून पाहिलं? तिने सांगितलं. मग ती तुमच्याकडे बघत थांबली. आणि तुम्ही माझ्या खांद्यावरचा कर्णा घेतलात.

मी चमकले होते, अण्णा. मला वाटलं, ऊन कलतंय, घाईत विसरलात. परत येताना विचारणारही होते, पण गाव टाळ्या वाजवत होतं आणि मी विसरून गेले. तुम्ही काय बोललात ते पुढे आपण छापलंही. हवामान खात्याचा फुगा, त्यावर बुडत्या सूर्याचा उजेड, आणि दिवसभर उपाशी राबणाऱ्या बाईला आलेली भोवळ. लोक हसले. दिराचा दगड आपल्या पोरांनी उचलून ओढ्यात टाकला. मी त्या पत्रकाचे गठ्ठे होटगी स्टेशनवर वाटले, जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कोंबले.

गठ्ठे ज्याने बांधलेले असायचे ते दावंही मला आठवतं. वळसंगच्या सभेच्या काही दिवस आधी तुम्ही दिवेलागणीनंतर स्कूटर ढकलत छापखान्यात आला होता. शर्ट घामाने भिजलेला. मागच्या सीटवर पत्रकांचा गठ्ठा, आणि तो जुन्या लुगड्याच्या लाल-हिरव्या काठांच्या वेणीने बांधलेला. त्याला शेळीचा वास येत होता. मी म्हटलं, "हे कुठलं, अण्णा?"

"सुतळी तुटली. वाटेत एका बाईने दिलं."

"आणि गाडी?"

"बंद पडली."

एवढंच म्हणालात. ते दावं मजबूत होतं म्हणून आपण ठेवून घेतलं. इतकी वर्षं मी त्याच दाव्याने सगळे गठ्ठे बांधले.

त्यानंतर तुमच्यात जे बदललं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि कुणीच पाहिलं नाही. सोलापूरचा उन्हाळा. अख्खी पेठ गच्चीवर झोपते. तुम्ही मात्र आत, खिडकी लावून. काकू वैतागायच्या. "घराची भट्टी झालीय आणि ह्या माणसाला पांघरूण पायजे!" तुम्ही म्हणायचा, गच्चीवर डास आहेत. आकाशदर्शनाची शिबिरं आधी तुम्हीच घ्यायचा, मग एकदम ती सरांकडे दिलीत. संध्याकाळ झाली की छापखान्याचं शटर अर्धं ओढायचा. आणि तुमच्या डाव्या मनगटावरचा तो काळसर चट्टा. शाई लागलीय, रॉकेलने घासलं तर जाईल, असं तुम्ही सांगितलंत आणि मी ते मान्यही केलं. जिला तुम्ही प्रत्येक गोष्टीवर का म्हणून विचारायला शिकवलं होतं, तिने त्या चट्ट्याबद्दल एकदाही 'का' विचारलं नाही. कारण तो तुमच्या हातावर होता.

आपलं शेवटचं मोठं भांडण आठवतं? एका गावातल्या विहिरीतून येणाऱ्या आवाजावर मी पत्रक लिहिलं होतं. आपण दोनदा जाऊन आलो, कारण सापडलं नाही. म्हणून मी शेवटी लिहिलं, 'हा आवाज कशाचा आहे हे आम्हाला अजून माहीत नाही.' तुम्ही ती ओळ खोडलीत.

"खरं आहे ते," मी म्हटलं.

"खरं असेल. पण पत्रकात 'माहीत नाही' छापायचं नसतं. तेवढी जागा रिकामी सोडली की लोक तिथं देव नेऊन बसवतात."

"मग आपण तिथं खोटं बसवायचं?"

तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. माझ्याकडे असं पाहिलंत की मला वाटलं मी काहीतरी भलतंच बोलले. मग म्हणालात, "जा, चहा सांग." मी चहा सांगितला नाही. घरी गेले. तीन आठवडे छापखान्यात पाय टाकला नाही. शेवटी तुम्हीच आमच्या दारात आलात, पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन, आणि बाबांना म्हणालात, "आगपेटी ओली झाली का?" ते पत्रक निघालंच नाही. भांडण तसंच राहिलं. मला वाटायचं, एक दिवस मी जिंकेन. तुम्ही ते अर्ध्यात टाकून गेलात.

गेलात तेही तुमच्या तत्त्वाने. हार नाही, विधी नाही, देह मेडिकल कॉलेजला, डोळे दान. त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला की रडायला लाज वाटली.

आणि मग शोकसभा.

आपल्या शोकसभेचा नियम तुम्हीच घातलेला. ज्याला बोलायचं आहे त्याने उठावं, कुणी कुणाला अडवू नये. सर बोलले, बाबा दोन वाक्यं बोलून बसले, मी बोलले. मग मागच्या रांगेतून एक उंच बाई उठली. डोळ्यांना पदर. मी ओळखलं नाही. माईक तिच्या हातात दिला तर तिने तो उलटा धरला.

"तुमी समदी चांगलं बोलला," ती म्हणाली. "माजं येवढंच हाय. ह्यांनी माज्यासंगं बघितलं व्हतं. वळसंगच्या शिवारात. ह्ये मला भवळ आली म्हणले. मला भवळ आली न्हवती."

कुणीतरी हसलं. आपल्या सभेत, अण्णा. आणि सरांनी माईकची वायर काढली. हळूच, कुणाला दिसू नये अशी. मला दिसली. "मावशी, बसा, पाणी प्या," म्हणत दोघांनी तिला दाराशी नेलं.

ती वेडी नव्हती हे मला कसं कळलं ते सांगते. मी तिच्या मागे स्टॉपवर गेले. भर दुपार, तिच्या कुंभारी गावाची बस यायची होती. तिला समजवावं, शांत करावं, अशा थोर विचाराने गेले होते. ती कट्ट्यावर बसली होती, शेडच्या अगदी आत, पाठ भिंतीला लावून. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू ती कर्णेवाली पोर की. लई बारीक व्हतीस तवा." आणि लगेच, "माजं दावं हाय का गं अजून? लाल-हिरव्या काठाचं. तुज्या अण्णाच्या गठ्ठ्याला बांदून दिल्यालं."

मी कट्ट्यावर बसले. "आहे," म्हटलं.

मग तिने सांगितलं. ते मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण तुम्ही ते एकदा तुमच्या शब्दांत लिहून बघितलं आहे.

"दिस बुडायची येळ. म्या शेरडं घिऊन बांदावर. तुजे अण्णा गाडीवरनं येत व्हते, ती गाडी आपसूक गप झाली. त्येंचा गठ्ठा पडला, कागद उडालं न्हाईत, वाराच न्हवता. वर बघितलं तर शाळूच्या डोक्यावर ते. खळ्याएवढं. गुळाची काहील पालथी घातल्यावानी. आवाज न्हाय काय न्हाय. खालनं उजेड, दुधावानी, पर डोळ्यात रुतणारा. शाळूचं एक पान हललं न्हाय. शेरडं तोंड फिरवून बसली."

"किती वेळ?"

"म्हस पिळून व्हईल येवढा. मंग ते न्हवतंच. गेलं म्हणाया जाताना दिसाया लागतंय की."

"आणि अण्णा?"

"माजा दंड धरून हुबं. येवढा आवळून की वण उटला. मला म्हणले, 'बाई, तुला दिसतंय का?' म्या म्हणलं, 'दिसतंय. तुमाला?' म्हणले, 'दिसतंय.' मंग रस्त्यावर मटकन बसले. म्याच कागद गोळा करून बांदून दिलं."

तुम्ही तिला विचारलंत, अण्णा. तिचा दंड धरून विचारलंत. त्या क्षणी तुम्हाला साक्षीदार हवा होता आणि तिने दिली साक्ष, सरळ, विचारताक्षणी. पारावर तिला हवा होता तेव्हा तुम्ही कर्णा उचललात.

"मग तुम्ही गावासमोर का बोलला नाहीत?" मी विचारलं.

"इचारतील वाटलं. त्येंच्यापायीच गाव जमलेलं, त्येंचीच सभा. न इचारता मोट्या माणसाचं नाव कसं घ्यायचं? म्या वाट बघितली."

उडत्या तबकडीवरून गाव तिला 'तबकडी' म्हणू लागलं. शाळेतली पोरं मागे लागायची, "तबकडी, तबकडी, उतर खाली!" दिराचा धंदा बुडाला, त्याचा राग तिच्यावर. नवरा म्हणाला, घराण्याचं हसं केलंस, आता तोंड दाखवू नको. ती कुंभारीला आली, विड्या वळू लागली. डोळ्यांचं पाणी थांबलं नाही. उघड्यावर बसवत नाही, दार पुढ्यात असल्याशिवाय झोप नाही. तुमचंच की हे सगळं, अण्णा. गच्ची नको, खिडकी बंद, शटर अर्धं. दोघांना एकच दुखणं. तुमचं डासांच्या नावावर खपलं, तिचं वेडेपणाच्या.

आणि तुम्ही तिच्याकडे जात होता. दर थोड्या दिवसांनी कुंभारीला, तिच्या दाराच्या आत, पाठ भिंतीला लावून, कोरा चहा. "दुसरं कुनाशी बोलणार व्हते?" ती म्हणाली. तिने तुम्हाला सांगितलं, एकदा चारचौघांत म्हणा. तुम्ही म्हणालात, "महादेवी, मी बोललो तर उद्या तिथं देऊळ उभं राहील." ती म्हणाली, "आन न बोलला तर मी येडी ऱ्हाते." तुम्ही म्हणालात, "थोडं थांब." ती थांबली. तुम्ही मेलात.

आणि त्या पारावर सगळ्यात शहाणं वाक्य तीच बोलली होती. मला आता आठवतंय. दीर ओरडला, "देवी व्हती म्हण!" ती म्हणाली, "देवी न्हवती. काय व्हतं ते मला म्हाईत न्हाय." अख्ख्या वळसंगात तेवढी एकच बाई आपल्या मंडळाची होती आणि तिलाच आपण भोवळ आणली.

तुम्हाला काय दिसलं यावर माझा राग नाही, हे लक्षात घ्या. ते काय होतं मला माहीत नाही. तुम्ही येऊन सांगितलं असतंत तर मी तुमच्याशी भांडले असते, फुगा म्हणाले असते, आरसा म्हणाले असते, मग तुमचा चट्टा बघितला असता आणि गप्प बसले असते. आपण दोघं त्या बांधावर जाऊन माती बघितली असती. ती संधी तुम्ही माझ्यापासून चोरलीत. तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवला नाहीत. मला वाटत होतं तुम्हाला लोकांच्या भोळेपणाची भीती आहे. तुम्हाला माझीही भीती होती, नाही का? मी तुम्हाला तुमचेच तीन प्रश्न विचारीन याची.

डोळे दान केलेत. साक्ष तेवढी बरोबर घेऊन गेलात.

मी सरांना सगळं सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत. ते हात जोडून म्हणाले, "अगं, हे छापलंस तर आठ दिवसांत त्या ओढ्यातला दगड वर येईल. बुवा म्हणतील, बघा, त्यांच्या अण्णांनीही पाहिलं. एवढ्या वर्षांचं काम पाण्यात घालणार? एका बाईसाठी?"

"कुणासाठी केलं होतं काम, सर?"

"अण्णांना काय वाटलं असतं?"

"अण्णांना जे वाटलं ते त्यांनी केलं," मी म्हटलं, आणि छापखान्याची किल्ली खिशात घालून निघाले. हे लिहिताना कळतंय की मंडळात आता माझी जागा राहणार नाही. तुमच्याशिवाय मला दुसरं घर नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक होतं.

परवा कुंभारीला गेले. ऊन उतरलं होतं. ओळीने दारात बसून बायका सुपात विड्या वळत होत्या. एकीने मला बघून हाक दिली, "तबकडीवाल्या काकू, पावणी आली बगा! आमालाबी येकदा बसवून न्या की त्यात, मुंबै तरी बघू!" सगळ्या हसल्या. महादेवीही हसली, सवयीने.

मी म्हटलं, "अक्का, मला चौकशी करायचीय. राहिलेली. पण ती उघड्यावर करायची असते, सगळ्यांसमोर."

तिने सूप बाजूला ठेवलं. उंबऱ्याशी थांबली, वर बघितलं. मग पदर डोक्यावर ओढून पत्र्याच्या सावलीतून बाहेर अंगणात आली. बायकांच्या माना वळल्या. मी मधे उभी राहिले. कर्णा नव्हता. आवाज तुमचाच होता, अण्णा, माझ्याकडे दुसरा नाही.

"काय पाहिलं?"

तिने सांगितलं.

"कुठून पाहिलं?"

तिने सांगितलं.

"आणखी कोण होतं?"

तिचे डोळे वाहत होते, ते तर नेहमीच वाहतात. तिने उजव्या हाताने स्वतःचा डावा दंड धरला, जिथे तुम्ही धरला होता.

"छापखान्याचे अण्णा व्हते," ती म्हणाली. "त्येंनीबी बघितलं."

कुणी हसलं नाही. मघाची ती थट्टेखोर बाई विडीचं पान हातात धरून तशीच बसली होती. मग हळूच म्हणाली, "मंग इतकी वर्सं बोलला न्हाईत व्हय, काकू?"

"इचारलं कुनी?" महादेवी म्हणाली.

मी पिशवीतून दावं काढून तिच्यापुढे धरलं. तिने ते हातात घेतलं, काठ चाचपले, एक सुटलेला पदर पुन्हा विणून घट्ट केला आणि मला परत दिलं. "ठिव. शेरडं न्हाईत आता. तुला गठ्ठं बांदाया लागंल की."

स्मरणिकेत हा लेख येणार नाही. म्हणून काल मी छापखाना उघडला. बाबा मशीनवर उभे राहिले. मजकूर वाचला आणि शटर पूर्ण वर केलं. पत्रकात तिचं म्हणणं तिच्या शब्दांत आहे, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या नावासकट आहे, आणि दगडाला शेंदूर लावणाऱ्यासाठी शेवटी एक ओळ आहे, ती तुमची लाल पेन्सिल शेजारी ठेवूनच जुळवली : 'ते काय होतं हे आम्हाला माहीत नाही. ही जागा रिकामी आहे. इथे कुणी बसू नये.'

तुमची फार आठवण येते, अण्णा. रागाने ती कमी होईल असं वाटलं होतं. होत नाही.

गठ्ठा दाव्याने बांधून स्कूटरवर ठेवला आहे. तुमच्याच स्कूटरवर. उद्या सकाळी महादेवी कुंभारीच्या फाट्यावर उभी राहणार आहे. तिथून आम्ही दोघी वळसंगला जातोय.